गाईचा चीक गोड, आईचा चीक घाण?

"एवढ्याशा जिवाला कुठली आलीय प्रतिकारशक्ती? पहिलं पिवळं दूध पिळून टाका, घुटी द्या, म्हणजे अंगात ताकद येईल." तारिहाळच्या मराठी घरांत, आणि खरं तर साऱ्या हुबळी-धारवाडच्या कानडी घरांतही, बाळंतिणीच्या खाटेभोवती हे इतक्यांदा ऐकू येतं की आता चीड येते. सांगणारी आजी मायेनंच सांगते, म्हणून तिला उत्तर नीट द्यायला हवं.

उत्तर गोठ्यापासून सुरू करू. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजतात. उरलेल्याचा खरवस होतो, इकडं त्याला गिण्ण म्हणतात, आणि वेलदोड्याची पूड घालून तो वाटी-वाटीनं शेजारी जातो. गाईच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वासराकडं जातच नाहीत, म्हणून पहिल्या काही तासांतला चीक चुकला तर वासरू दगावू शकतं. हे ज्या घराला पक्कं ठाऊक असतं, तेच घर सुनेचा चीक "घाण" म्हणून पिळून टाकतं! याला काय म्हणावं?

माणसाचं बाळ वासरापेक्षा नशीबवान आहे. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात जायला साधारण चौथ्या महिन्यात सुरुवात होते आणि सातव्या महिन्यानंतर हा ओघ खूप वाढतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात काही प्रतिपिंडं आईपेक्षाही जास्त सापडतात. म्हणजे बाळ रिकाम्या हातानं येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अर्धीमुर्धीच मिळते. त्याला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असण्याचं हे एक मोठं कारण. शिवाय ही उसनी प्रतिपिंडं तीन-चार आठवड्यांत निम्मी होतात, पुन्हा तेवढ्याच दिवसांत त्याच्या निम्मी, आणि सहा महिने ते वर्षाच्या आत बहुतेक संपतात. लसीचं वेळापत्रक याच हिशेबावर बेतलेलं असतं. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात का, त्याआधी का नाही? कारण त्याआधी आईची प्रतिपिंडंच लसीचा विषाणू निकामी करू शकतात.

वारेतून मिळतं ते रक्तात. आतड्याचं काय? तिथं चीक लागतो. त्यातली प्रतिपिंडं वेगळ्या जातीची असतात. ती रक्तात फारशी शिरत नाहीत, आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना तिथंच अडवतात. चीक एका वेळी चमचा-दीड चमचाच येतो, म्हणून "दूध नाही" अशी ओरड होते. पण पहिल्या दिवशी बाळाचं पोट तेवढंच मागतं. घाना देशात जवळजवळ ११ हजार बाळांचा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांना पहिल्या तासात अंगावर पाजलं तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतात, असा त्याचा हिशेब होता. आपल्याकडं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांनाच. डॉक्टर, नर्स सगळे हजर असताना निम्म्याहून अधिक बाळं उशिरा का पितात? सिझेरियनची गडबड हे एक कारण. बाळाला आधी चाटवायला खाटेजवळ ठेवलेली मधाची बाटली हे दुसरं.

आता घुटी. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड हे सगळं सहाणेवर उगाळायचं. सहाण कोण उकळून घेतं? आणि पाणी कुठलं? नळाला पाणी येतं तेव्हा भरून ठेवलेल्या पिंपातलं. याच शहरावर झालेला एक अभ्यास २०१५ साली 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आला. पाच वर्षांखालची मुलं असलेली हुबळी-धारवाडची ३,९२२ घरं त्यात होती. चोवीस तास पाणी असलेल्या वॉर्डांत विषमज्वर ४२ टक्क्यांनी कमी आढळला; साध्या जुलाबांत मात्र ठळक फरक दिसला नाही. तेव्हा पाण्याला निमित्त करून सगळं त्याच्या माथी मारू नये. पण धडधाकट माणसाला ताप आणू शकणारं पाणी तीन दिवसांच्या बाळाच्या तोंडात घालून त्याची ताकद वाढते, हा तर्क मला कळत नाही. सहा महिने आईचं दूध, आणि पाण्याचा थेंबही नाही.

बाकीचे समज थोडक्यात. मध: त्यातल्या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, वर्षाखालच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, पहिल्या वाढदिवसापर्यंत मध नको. नाळेवर हळद, राख, तेल: काही नको, कोरडी ठेवा. आईला ताप आला की दूध तोडा: उलट, ज्या जंतूशी ती लढते त्याचीच प्रतिपिंडं दुधात उतरतात, एचआयव्हीसारखा अपवाद असेल तर डॉक्टर सांगतील. गरोदरपणी सुई नको: टीडीच्या सुईनं आईत तयार झालेली प्रतिपिंडंच बाळाला धनुर्वातापासून वाचवतात. १९८०च्या दशकात धनुर्वात देशात दरवर्षी लाखाहून जास्त बाळं नेत होता; २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. ते घुटीनं झालेलं नाही.

"गरोदरपणी प्रतिकारशक्ती संपते" हेही अर्धवट. ती संपत नाही, तिचा रोख बदलतो. काही आजार मात्र फार जड जातात. फ्लू त्यातला एक. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई कावीळ दुसरा: इचलकरंजीत २०१२ साली तिची मोठी साथ आली होती. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या पाचांपैकी एकीचा जीव काही साथींत गेला आहे. उकळलेलं पाणी बाळाला नाही, गरोदर बाईला द्या.

"कळा सुरू झाल्या की अँटिबायोटिक दिलं म्हणजे बाळही सुरक्षित" हे नव्या पिढीचं घुटी-प्रेम. बेळगाव आणि नागपूरसह सात देशांतल्या केंद्रांत २९ हजारांवर बायकांना अॅझिथ्रोमायसिनची एक मात्रा किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देऊन पाहिलं. २०२३ साली निकाल आला: आईचा गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ वर आला, बाळांच्या बाबतीत काहीच फरक नाही.

बाळाच्या बाबतीत कशानं फरक पडतो, ते गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवलं. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून उपचार केले, आणि तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या दारी येते ती त्याच कामातून पुढं आलेल्या योजनेमुळं. तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. बाळानं पिणं सोडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर सहाण काढू नका. १०८ला फोन करा आणि बाळाला छातीशी धरून हुबळीच्या विद्यानगरातलं किम्स हे सरकारी रुग्णालय गाठा.