गाणे, बातमी आणि परीक्षा

नभोवाणी ऐकणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात दोन गोष्टींचे स्थान ठरलेले असते. एक गाणे आणि दुसरी बातमी. सकाळची भक्तिगीते संपतात आणि बातम्या सुरू होतात. बातम्या संपतात आणि पुन्हा एखादे भावगीत कानावर येते. या दोन्ही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांचा शाळेत अभ्यास करावयाचा असतो आणि त्यांवर परीक्षाही द्यावयाची असते, असे कोणी सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. ब्रिटनमध्ये मात्र ही गोष्ट प्रत्यक्षात आलेली आहे. तेथील मुले वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी. सी. एस. ई. ही शालान्त परीक्षा देतात. तिच्या ऐच्छिक विषयांत प्रसारमाध्यमांचा अभ्यास हाही एक विषय आहे. ओ. सी. आर. या परीक्षामंडळाने २०१७ पासून शिकविण्यास घेतलेल्या आणि २०१९ साली ज्याची पहिली परीक्षा झाली त्या अभ्यासक्रमात एका प्रश्नपत्रिकेचे नावच मुळी ‘संगीत आणि बातम्या’ असे ठेविले गेले. वेळ सव्वा तास, गुण सत्तर, आणि एकूण विषयातील वजन ३५ टक्के. दुसरी तेवढ्याच गुणांची प्रश्नपत्रिका दूरचित्रवाणी व प्रचारमाध्यमे यांवर असते आणि उरलेले ३० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेल्या कामासाठी राखलेले असतात.

अशा परीक्षेची तयारी कशी करून घ्यावयाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इतिहासाच्या परीक्षेत सनावळी असते, गणितात रीत असते. गाणे तर सर्वांनाच आवडते आणि बातमी सर्वांनाच कळते. मग येथे शिकावयाचे ते काय? या विषयाच्या अभ्यासक्रमाने त्याचे उत्तर चार प्रश्नांत दिले आहे. पहिला माध्यमाच्या भाषेचा: शब्द, चित्र, रंग, स्वर, अक्षरांचा आकार यांतून अर्थ कसा घडविला जातो? दुसरा चित्रणाचा: येथे कोण दाखविले आहे, कसे दाखविले आहे आणि कोणाला वगळले आहे? तिसरा उद्योगाचा: याचा खर्च कोण करतो, मालकी कोणाची आणि नियंत्रण कोणाचे? चौथा श्रोत्यांचा आणि वाचकांचा: हे कोणासाठी आहे, आणि ते त्याचा उपयोग कशासाठी करतात? विद्यार्थ्याच्या हाती हे चार प्रश्न दिले की त्याची अर्धी तयारी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

संगीताच्या विभागासाठी या अभ्यासक्रमाने तीन गोष्टी नेमून दिल्या: ‘मोजो’ नावाचे संगीतविषयक मासिक, तुलनेसाठी गाण्यांच्या दोन चित्रफिती, आणि बी. बी. सी. च्या ‘रेडिओ वन’ या केंद्रावरील ‘लाइव्ह लाउंज’ हा कार्यक्रम. ‘मोजो’ १९९३ साली सुरू झाले. त्याच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा अनेक दशकांपूर्वी गाजलेल्या गायकाचा चेहरा असतो. नवे गायक उदंड असताना जुना चेहरा का, असे विद्यार्थ्याने विचारले म्हणजे उत्तर आपोआप उलगडत जाते. जो वाचक तरुणपणी ती गाणी ऐकत वाढला, त्याला आज पैसे देऊन मासिक विकत घेण्याची सवय आहे. त्याच्या स्मरणाला साद घातली की अंक खपतो. मुखपृष्ठाची भाषा, वाचकाचे वय आणि प्रकाशकाचा हिशेब ही तीन निरनिराळी प्रकरणे नव्हेत, हे त्या एका चेहऱ्यावरून समजते.

‘लाइव्ह लाउंज’मध्ये कलावंत ध्वनिग्रहणकक्षात बसून प्रत्यक्ष गातो, एक स्वतःचे गाणे आणि एक दुसऱ्या कोणाचे तरी, आपल्या ढंगाने. बी. बी. सी. ला आपल्या देशात जाहिराती घेता येत नाहीत. तिचा खर्च मुख्यतः परवानाशुल्कातून चालतो. तेव्हा लोकांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राने खासगी केंद्रे देतात त्याहून निराळे काही द्यावे, अशी अपेक्षा असणारच. तबकड्या कोणीही वाजवील. ध्वनिग्रहणकक्षात जिवंत मैफल उभी करणे हे वेगळे काम आहे. कार्यक्रमाचे स्वरूप संस्थेच्या स्वरूपातून कसे निघते, याचा हा स्वच्छ नमुना होय.

या ‘रेडिओ वन’च्या जन्माची कथा मराठी श्रोत्यांना विशेष ओळखीची वाटेल. १९६४ साली ‘रेडिओ कॅरोलाइन’ हे केंद्र समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून इंग्लंडच्या तरुणांना हवी ती गाणी ऐकवू लागले. त्याच्यामागून आणखीही अशी केंद्रे निघाली. बी. बी. सी. च्या गंभीर कार्यक्रमांत ज्या गाण्यांना जेमतेम जागा मिळे, ती गाणी आता दिवसभर ऐकू येऊ लागली. १४ ऑगस्ट १९६७ रोजी कायद्याने या चोरट्या केंद्रांवर बंदी आली, आणि त्यानंतर दीड महिन्याने, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, बी. बी. सी. ने स्वतःच ‘रेडिओ वन’ सुरू केले. जे अडविता आले नाही, ते अंगीकारावे लागले.

हेच नाट्य भारतात त्याआधी दहा वर्षे घडून गेले होते. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि थोर गायकवादकांना देशभरचा श्रोता मिळाला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, अशीही त्यांची धारणा होती. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी केवळ काटा फिरविला आणि ‘रेडिओ सिलोन’ लावले. तेथे १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या गीतमालेने अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत पोहोचविला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि श्रोता परत आणला. लंडनचा विद्यार्थी ‘रेडिओ वन’चा धडा वाचतो, तेव्हा त्यात मुंबई-पुण्याच्या मागच्या पिढ्यांची एक आठवण दडलेली असते. कोणते संगीत श्रोत्याच्या हिताचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच होता, आणि दोन्हीकडे श्रोत्याने त्यात आपले मत नोंदविले.

आता बातम्यांकडे वळावयाचे. या विभागासाठी ‘ऑब्झर्व्हर’ हे लंडनचे रविवारचे वृत्तपत्र नेमले गेले: त्याची छापील आवृत्ती, त्याचे संगणकावरील रूप, आणि तुलनेसाठी १९६० च्या दशकातील त्याची काही पहिली पाने. १७९१ साली निघालेले हे पत्र जगातील सर्वांत जुने रविवारचे वृत्तपत्र मानले जाते. १९९३ साली ते ‘गार्डियन’च्या संस्थेकडे आले, आणि या संस्थेमागे एक विश्वस्तनिधी असल्याने तिच्यावर भागधारकांच्या नफ्याचे दडपण नाही, असे शिक्षक वर्गात सांगत आले. मुलांनी ते पाठ केले. पुढे ‘ऑब्झर्व्हर’ विकावयाचे ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये पत्रकारांनी त्याविरुद्ध संप केला. आणि एप्रिल २०२५ मध्ये ते ‘टॉर्टस मीडिया’ या कंपनीच्या ताब्यात गेले. मालकीविषयीचे जुने टिपण एका व्यवहाराने शिळे झाले. मात्र ज्या विद्यार्थ्याने ‘मालक बदलला तर मजकुरात काय बदलेल?’ हा प्रश्न मनाशी धरला होता, त्याला नव्या परिस्थितीने उलट एक ताजे उदाहरणच मिळवून दिले. पाठ केलेले उत्तर मरते, विचारलेला प्रश्न जगतो. या विषयाच्या तयारीचे सारे मर्म त्यात आहे.

बातमी म्हणजे काय, हा याहून खोल प्रश्न. जोहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूज यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांची वृत्ते नॉर्वेच्या वृत्तपत्रांत कशी आली, हे तपासले आणि एखादी घटना बातमी का होते याची बारा कारणे मांडली. घटना जवळची असली, अनपेक्षित असली, बड्या राष्ट्रांची वा बड्या माणसांची असली, वाईट असली, की ती पानावर चढते. दूरची, संथ आणि सामान्यांची घटना मागे पडते. मुलांना ही बारा कारणे घोकावयास लावण्यापेक्षा एक जुनी गोष्ट सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

१८ एप्रिल १९३० हा गुड फ्रायडेचा दिवस होता. त्या संध्याकाळी बी. बी. सी. च्या निवेदकाने बातम्यांच्या वेळी सांगितले की, आज बातमी नाही. उरलेला वेळ पियानोवादनाने भरून काढण्यात आला. बातमीची जागा संगीताने घेतल्याचा याहून नेमका दाखला मिळणार नाही. आता तोच दिवस हिंदुस्थानातून पाहावा. दांडीला मीठ उचलले गेले त्याला बारा दिवस झाले होते आणि गावोगाव सत्याग्रही तुरुंगात जात होते. त्याच रात्री चितगावला सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखाली क्रांतिकारकांनी शस्त्रागारावर छापा घातला आणि तारा तोडल्या. छाप्याची वार्ता तोवर लंडनला पोहोचणे शक्य नव्हते, हे खरे. पण मिठाचा सत्याग्रह तर तेथे ठाऊक होता. निवेदक खोटे बोलला असे नाही. त्याच्या खुर्चीवरून जेवढे दिसत होते, तेवढ्यात त्याला सांगण्याजोगे काही आढळले नाही. बातमी घटनेत जितकी असते, तितकीच ती पाहणाऱ्याच्या जागेत असते.

भाषेचा प्रश्नही असाच कसाला लागतो, आणि तो मराठीत फार सोप्या रीतीने दाखविता येतो. ‘लाठीमार झाला’ हे एक वाक्य आणि ‘पोलिसांनी लाठीमार केला’ हे दुसरे. दोन्ही खरी असू शकतील; परंतु पहिल्यात कर्ता नाहीसा झाला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. ‘धरण फुटले’ या मथळ्यात निसर्गाचा कोप आहे. ‘धरण का फुटले?’ या मथळ्यात जबाबदारीची चौकशी आहे. मध्ये केवळ एक अक्षर आले. मथळ्यातील हे एक अक्षर ज्याला दिसले, त्याला माध्यमाची भाषा समजली.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. सव्वा तास आणि सत्तर गुण म्हणजे ढोबळमानाने गुणामागे एक मिनिट. दोन गुणांच्या प्रश्नावर दहा मिनिटे घालविणारा विद्यार्थी मोठ्या प्रश्नाच्या तोंडाशीच घंटा ऐकतो. परीक्षेत पुढे येणारे पान त्याने पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही. म्हणून आठवड्यातून एकदा कोणतेही अपरिचित पृष्ठ समोर ठेवून दोन मिनिटे न लिहिता केवळ पाहण्याचा सराव करावा. मग लिहावे ते पुराव्यासह. ‘हे मुखपृष्ठ आकर्षक आहे’ हे मत झाले. ‘गायकाची नजर थेट वाचकाकडे आहे, त्याचे नाव मासिकाच्या नावाइतकेच ठळक आहे, तेव्हा वाचकाची ओळख आधीच गृहीत धरली आहे’ हे विवेचन झाले. पारिभाषिक शब्द वापरावेत, पण त्यांच्यामागे निरीक्षण नसेल तर ते पोकळ वाजतात. श्रोते माध्यमांकडे विरंगुळा, माहिती, सोबत आणि स्वतःची ओळख यांसाठी वळतात, अशा आशयाचे ब्लुम्लर आणि कॅट्झ यांचे विवेचन १९७० च्या दशकापासून या अभ्यासात रूढ आहे. त्यांची नावे लिहून गुण मिळत नाहीत. रात्री उशिरा एकटा जागणारा मुलगा ध्वनिक्षेपकाचा आवाज का लावून ठेवतो, हे त्या विवेचनाने उलगडून दाखविले तर मिळतात.

या विषयाला हलका मानणारे लोक ब्रिटनमध्येही आहेत. गाणी ऐकून गुण मिळवावयाचे, अशी त्याची थट्टा होते. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. शिक्षकाने तयार उत्तरे लिहवून दिली आणि मुलांनी ती जशीच्या तशी उतरविली, तर हा विषय खरोखरच हलका होतो. तसे झाले तर हानी गुणांची होत नाही, गुण कदाचित मिळतीलही. हानी होते ती दृष्टीची. इतरांनी पढविलेले बोलू नये, यासाठी जो विषय निघाला, तोच पढविण्याचा विषय होऊन बसतो.

आजच्या मुलांच्या हाती जे दूरध्वनियंत्र आहे, त्यावर गाणे, बातमी आणि जाहिरात एकाच प्रवाहातून वाहत येतात. पूर्वी निवेदक निदान सांगत असे की, आता बातम्या संपल्या आणि आता गाणी. आता ती सीमा कोणी सांगत नाही. ती ऐकणाऱ्यालाच ओळखावी लागते. सोळाव्या वर्षी परीक्षा देणारा हा मुलगा दोन वर्षांनी मतदार होतो. हे कोण सांगत आहे, कोणासाठी, कोणाच्या खर्चाने आणि काय वगळून, हे चार प्रश्न त्याने परीक्षागृहाबाहेर पडताना सोबत नेले, तर परीक्षेचे काम झाले. भारतातही अकरावी-बारावीच्या पातळीवर हा विषय आता शिरकाव करीत आहे. पण हे प्रश्न विचारण्यासाठी अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरात बातम्या लागल्या असताना वडीलधाऱ्यांनी शेजारी बसलेल्या मुलाला यांपैकी एक जरी प्रश्न विचारला, तरी तयारीस सुरुवात झाली असे समजावे.