पुस्तकबांधणीच्या दुकानातून प्रयोगशाळेत

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत पेढे वाटले जातात. पदवीच्या निकालानंतरही पेढे येतात. पण त्यांच्या पाठोपाठ एक अवघड शांतता येते. मुलाने किंवा मुलीने आवडीचा विषय घेतला, गुण चांगले मिळवले, अर्ज पाठवले आणि उत्तर बहुधा एकच आले : किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. व्यापारी घरांत ही शांतता लवकर मोडते. "जाऊ दे, उद्यापासून दुकानात ये," असे वडील म्हणतात. ते वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. त्यात काळजी असते, आणि गल्ल्यावर घरचे माणूस असावे हा व्यवहारही असतो. पण जिला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे किंवा ज्याला पुलांचे आराखडे काढायचे आहेत, त्याच्यासाठी तेवढ्याने एका दाराची कडी बाहेरून लागते.

हा पेच आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका लोहाराच्या मुलापुढे तो याहून कठोर रूपात उभा होता. मायकेल फॅरडेचा जन्म १७९१ सालचा. शिक्षण म्हणजे लिहिणे, वाचणे आणि थोडी अंकगणिती. घरची ओढाताण अशी, की तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबाऊ नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या कामाला लागला. पुढच्या वर्षी, म्हणजे १८०५ मध्ये, त्याच दुकानात पुस्तकबांधणीचा शिकाऊ म्हणून सात वर्षांचा करार झाला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याला झपाटले. मालक समजूतदार होता. दुकानाच्या मागच्या जागेत या पोराने लहानसहान प्रयोग मांडले तरी त्याने हरकत घेतली नाही. अशा मालकाचे ऋण फारसे कोणी मांडत नाही.

विज्ञानाच्या जाहीर व्याख्यानांना प्रत्येकी एक शिलिंग प्रवेशमूल्य होते. ते देणारा होता मोठा भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करी. वडील १८१० मध्ये वारले होते आणि घरात शिलिंगाला किंमत होती. धाकट्याच्या छंदाला थोरल्याने दिलेले ते पैसे म्हणजे आजच्या भाषेतील गुंतवणूकच. फक्त परतावा मिळेल की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

१८१२ च्या वसंतात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. फॅरडे सज्जात बसून टिपणे घेई, घरी येऊन ती नीट उतरवून काढी आणि उपकरणांची चित्रे काढी. त्याच वर्षी शिकाऊपणाची सात वर्षे संपली आणि तो दुसऱ्या एका मालकाकडे पगारी कारागीर झाला. हातात कसब होते, पोटापुरते मिळत होते; केवळ मन तिथे नव्हते. त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून विज्ञानाच्या क्षेत्रात कोणतेही हलके काम मागितले. उत्तर आले नाही. चौकशीला गेला, तेव्हा दारावरूनच परत पाठवण्यात आले.

डिसेंबर १८१२ मध्ये त्याने डेव्हींना लिहिले. पण या वेळी पत्र एकटे गेले नाही. त्यासोबत गेली ती डेव्हींच्याच व्याख्यानांची सुमारे ३०० पानांची वही, सुवाच्य, सचित्र आणि स्वतःच्या हाताने बांधलेली. बँक्स यांच्याकडे त्याने काम मागितले होते. डेव्हींना त्याने केलेले काम दाखवले. दोन पत्रांतील अंतर एवढेच आहे, आणि या सगळ्या कथेत लक्षपूर्वक पाहावी अशी जागा तीच आहे.

तरीही दार एकदम उघडले नाही. डेव्हींनी २४ डिसेंबरला सौजन्याचे उत्तर पाठवले, पुढे भेटही दिली. पण संस्थेत जागा नव्हती आणि त्यांचा सल्ला होता की बांधणीचा धंदा सोडू नये. फेब्रुवारी १८१३ मध्ये प्रयोगशाळेतील साहाय्यकाने भांडण केले, त्याला काढून टाकावे लागले, आणि डेव्हींना ती वही आठवली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार, इमारतीच्या माथ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. काम म्हणजे उपकरणे आणणे, धुणे-पुसणे, जागेवर ठेवणे. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांच्या खासगी नोकराने ऐनवेळी नकार दिला, आणि त्याचीही कामे फॅरडेच्या गळ्यात पडली. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखेच वागवीत. हा अपमान त्याला लागला, हे त्याच्या पत्रांतून कळते. परंतु त्याच प्रवासात त्याने अँपिअर आणि व्होल्टा यांना जवळून पाहिले. पुढे १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज वीजनिर्मिती केंद्रांत फिरणारी जनित्रे त्याच तत्त्वावर चालतात.

नशिबाचा भाग यात आहेच. साहाय्यक भांडला नसता तर? मात्र जागा रिकामी झाली त्या दिवशी डेव्हींच्या कपाटात शिफारसपत्र नव्हते, एक वही होती. आजच्या उमेदवाराच्या हाती अशी वही कोणती असते? वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याकडे आराखडे, संगणकाच्या विद्यार्थ्याकडे चालू स्थितीतील एखादी छोटी प्रणाली, भाषांतर करणाऱ्याकडे दहा पानांचे स्वच्छ भाषांतर. पन्नास कंपन्यांना एकाच मजकुराचा अर्ज पाठवण्यापेक्षा एका कंपनीचे काम अभ्यासून त्यावर चार पाने लिहून पाठवणे अधिक कष्टाचे असते, आणि म्हणूनच ते फार थोडे करतात.

'अनुभव' या रकान्यात 'नाही' असे लिहिण्यापूर्वी घराकडेही एकदा पाहावे. सांगलीच्या हळद पेठेत किंवा इचलकरंजीच्या कापड व्यवसायात वाढलेली मुले सुट्टीत गल्ल्यावर बसलेली असतात, उधारीची वसुली करून आलेली असतात, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरायला वडिलांना मदत करतात. मुलाखतीत मात्र हे सारे ती लपवतात, जणू दुकान ही कमीपणाची गोष्ट आहे. कोणत्याही कंपनीचा विक्री विभाग किंवा लेखा विभाग या अनुभवाला अनुभवच म्हणेल. तो तारखांसह आणि आकड्यांसह सांगता आला पाहिजे, इतकेच.

मराठीत नव्याने काम शिकणाऱ्याला 'उमेदवार' म्हणतात आणि त्याच्या शिकण्याच्या काळाला 'उमेदवारी'. शब्दातच उमेद आहे. ही उमेदवारी आता केवळ ओळखीवर अवलंबून राहिलेली नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे, आणि २०१९ च्या नियमबदलानंतर ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पदवी व पदविकाधारकांसाठीही राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना असून त्यात विद्यावेतन मिळते. असे असूनही ही वाट फक्त आयटीआयच्या मुलांची, असा समज सुशिक्षित घरांत आढळतो. वास्तविक सनदी लेखापाल होणारा प्रत्येक विद्यार्थी हीच वाट चालतो. त्याची आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या रचनेत ती दोन वर्षांची झाली. तिथे अनुभव हा शिक्षणाचाच भाग मानला आहे, म्हणून 'अनुभव आणा' असे कोणी म्हणत नाही.

याच वाटेवर फसवणूकही उभी असते. प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे भरायला लावणारे, 'नोकरीची हमी' विकणारे, महिनोन्‌महिने फुकट राबवून घेऊन प्रमाणपत्रसुद्धा न देणारे. काम देणारा पैसे मागत असेल तर तिथून उठावे. विनावेतन काम पत्करायचेच झाले, तर त्याची मुदत आणि त्यात काय शिकायला मिळणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. शिकाऊ माणसाला हे विचारण्याचा संकोच वाटतो; मोठ्यांनी तो दूर करावा.

घरातही एक करार होऊ शकतो. मुलाला एक वर्ष द्यावे. सकाळी दुकान, दुपारनंतर त्याचे शिकणे आणि त्याचे अर्ज. दर तीन महिन्यांनी बसून हिशेब पाहावा, जसा मालाचा पाहतात. कुठे अर्ज केले, काय बनवले, कोण काय म्हणाले. वर्ष संपल्यावर काय करायचे ते तेव्हा दोघांनी मिळून ठरवावे. मुलगी असेल तर याच वर्षात स्थळे पाहण्याची घाई सुरू होते, आणि तिच्या वाट्याचे वर्ष प्रत्यक्षात चार महिन्यांचे ठरते. ते वर्ष तिलाही पुरते मिळायला हवे.

डेव्हींकडे पाठवलेली ती टिपणे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहात आजही जपून ठेवलेली आहेत. मजकूर विज्ञानाचा आहे. बांधणी मात्र त्या कसबाची, जे फॅरडे सोडून जाऊ पाहत होता.