शिशाचा कारागीर

आपण ज्याला सहज ‘प्लंबर’ म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात शिसे आहे. लॅटिन भाषेत ‘प्लंबम्’ म्हणजे शिसे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हा धंदा करणाऱ्या माणसाचा बहुतेक दिवस ह्याच मऊ, जड, काळसर धातूच्या संगतीत जाई. सॉमरसेट परगण्यात, बाथ शहरालगत, दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कोम डाउन गावी एका पाथरवटाच्या घरी १७ जून १८९८ रोजी जन्मलेले हॅरी पॅच हे पंधराव्या वर्षी शाळा सोडून ह्या धंद्यात उमेदवारीस राहिले. पुढे, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेल्यांपैकी अखेरचा हयात सैनिक म्हणून जगाने त्यांना ओळखले. परंतु एकशे अकरा वर्षांच्या आयुष्यात आघाडीवर गेलेला काळ चार महिन्यांच्या आसपासच होता, आणि म्हणून त्यांची ओळख त्यांच्या कसबापासून करून द्यावी असे मला वाटते.

शिशाच्या दोन नळ्या जोडायच्या तर एकीचे तोंड लाकडी शंकूने रुंदवायचे, दुसरीचे टोक तासून त्यात बसवायचे, तासलेल्या लखलखीत भागावर चरबीचा हात फिरवायचा, आणि मग पळीने वितळलेला डाख वरून सोडीत, दुसऱ्या हातातल्या चरबीने माखलेल्या जाड कापडाने त्याला आकार द्यायचा. दोन भाग शिसे व एक भाग कथील मिळून झालेला हा डाख निवताना एकदम घट्ट होत नाही. सुमारे अडीचशे अंशांपासून १८३ अंशांपर्यंत उतरेतो तो लोण्याच्या गोळ्यासारखा वळवता येतो, आणि कारागिराची सारी विद्या त्या अल्प अवधीत पणाला लागते. शिसे स्वतः ३२७ अंशांवर वितळते. तेव्हा डाख अति तापला तर नळीच पाघळायची, आणि हात रेंगाळला तर सांधा खडबडीत राहून पाणी झिरपायचे. हे ज्ञान उस्तादाच्या शेजारी उभे राहून, बोटे पोळवून घेतल्यावाचून अंगी येत नाही.

उमेदवारी पुरी व्हायच्या आतच, १९१६ च्या ऑक्टोबरात, सक्तीच्या भरतीचा हुकूम आला. युद्धावर जाण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. १९१७ च्या जूनमध्ये ते फ्रान्सला पोहोचले आणि ड्यूक ऑफ कॉर्नवॉलच्या पायदळाच्या सातव्या पलटणीत लुईस मशीनगनच्या पाच जणांच्या तुकडीत तैनात झाले. सुमारे अठ्ठावीस पौंड वजनाची, सत्तेचाळीस काडतुसांची चकती बसवलेली ही बंदूक चालवणे पहिल्या गड्याचे काम, पॅच दुसरे. सुटे भाग वागवायचे, चकत्या बदलायच्या, आणि यंत्र अडले तर त्या चिखलात ते पुन्हा चालते करायचे, हा त्यांचा जिम्मा. जे हात सांधे जुळवायला शिकले, त्याच हातांवर ती तुकडी विसंबली. पाचही जणांनी आपसांत एक करार केला होता : होईल तो कोणाचा जीव घ्यायचा नाही, गोळी पायांवर मारायची. बेल्जियममधल्या पासेंडालच्या रणधुमाळीत संगीन रोखून अंगावर आलेल्या जर्मन सैनिकाला पॅच यांनी आधी खांद्यात, मग गुडघ्याच्या वर आणि घोट्यात गोळी घातली. त्याचा प्राण घेतला नाही. ह्या एका कृतीपुढे मला पुष्कळ पराक्रमकथा फिक्या वाटतात.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री तुकडीवर तोफगोळा फुटला. तिघे जिवलग जागीच गेले, पुरायलाही काही उरले नाही. पॅच यांच्या पोटात शिरलेला धातूचा तुकडा वैद्याने भूल न देताच काढला, कारण भुलीचे औषध संपले होते.

घरी परतून त्यांनी पुन्हा पळी आणि डाख हाती घेतला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या, १९२५ साली खुल्या झालेल्या विल्स स्मारक इमारतीत त्यांनी काम केले. ऐंशी वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या एप्रिलात बाथवर बॉम्ब पडले तेव्हा ते अग्निशामक दलात होते. खंदकांविषयी मात्र त्यांनी पत्नीजवळसुद्धा अवाक्षर काढले नाही. शंभरी गाठल्यावर, १९९८ साली, ते प्रथम बोलले. आणि २००४ मध्ये पासेंडाललाच जर्मनीच्या बाजूने लढलेल्या शार्ल कुएन्त्स ह्या वृद्धाचा हात त्यांनी हाती घेतला. युद्ध थांबल्याच्या स्मरणार्थ होणारा अकरा नोव्हेंबरचा सरकारी समारंभ त्यांच्या मनाला कधी भिडला नाही. त्यांचा स्मरणदिन बावीस सप्टेंबरच राहिला.

२५ जुलै २००९ रोजी ते वारले. ६ ऑगस्टला सॉमरसेटमधल्याच वेल्स शहराच्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिक चालले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार एकाही सैनिकाजवळ, शोभेचेसुद्धा, शस्त्र नव्हते.