खोकणारे पोर आणि फडताळातली बाटली

दिवाळीच्या दिवसांत फराळाबरोबर घरोघरी हटकून येणारा आणखी एक पाहुणा म्हणजे लहान मुलाचा खोकला. पहाटेचा गारवा, माळे झाडताना उडालेली धूळ, फटाक्यांचा धूर आणि चार घरची पोरे एका जिन्यावर. खोकल्याला याहून निराळे आमंत्रण लागत नाही. दिवसा पोर हुंदडत असते, त्यामुळे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. रात्री दिवा मालवला की मात्र खोकल्याची उबळ सुरू होते. एक वाजतो, दोन वाजतात. आई पाठ चोळते, बाबा उठून पाणी आणतात, आजी पलीकडच्या खोलीतून "त्याला केळे कुणी दिले?" म्हणून चौकशी करतात, आणि अखेर कुणीतरी उठून फडताळातली, बुडाशी साका धरलेली, गेल्या हिवाळ्यातली औषधाची बाटली काढते.

आमचे भांडण आहे ते त्या बाटलीशी. खोकल्याशी तितकेसे नाही.

खोकला हा मुळात रोग नव्हे. ती शरीराची केरसुणी आहे. सर्दीच्या जंतूंनी नाक-घसा सुजला की चिकट स्राव सुटतो, पोर आडवे झाले की तो नाकामागून घशात उतरतो, आणि तो श्वासनळीत जाऊ नये म्हणून शरीर खोकून त्याला मागे रेटते. रात्री खोकला वाढतो तो एवढ्यासाठीच. लहान मुलाला थुंकता येत नाही, ते कफ गिळते. मग एखाद्या जोरकस उबळीनंतर भडकन उलटी होते आणि उलटीत चिकट कफ पडतो. आई घाबरते, पण उलटीनंतर पोर हुशारीने इकडेतिकडे पाहत असेल, खेळणे मागत असेल, तर त्या उलटीने त्याचे ओझे हलकेच केले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपली सर्वांची समजूत अशी की खोकला चार-पाच दिवसांत गेलाच पाहिजे. मुलांच्या अंगी ही घाई नसते. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांतल्या मुलांच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सर्दीनंतरचा खोकला निम्म्या मुलांत दहा दिवसांत थांबतो, आणि दहांपैकी नऊ मुलांत थांबायला पंचवीस दिवस लागतात. म्हणजे तीन आठवडे खोकणारे पोर हे पुष्कळदा अगदी नेहमीचे पोर असते. त्यात बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी सहा-आठ सर्द्या होतात. पहिलीचा खोकला संपतो न संपतो तोच दुसरी दारात उभी, आणि घरच्यांना वाटते की पोर पावसाळ्यापासून अखंड खोकते आहे.

या पंचवीस दिवसांत मोठी गंमत घडते. पहिल्या आठवड्यात एक बाटली होते, गुण येत नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलतात, बाटली बदलते, जोडीला ॲण्टिबायोटिक येते. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या माणसाकडे जाणे होते आणि दोन दिवसांत पोर खडखडीत! हातगुण म्हणतात तो हाच. साधी सर्दी विषाणूंची असते, आणि ॲण्टिबायोटिकला विषाणूंवर चालवायला हत्यारच नाही. तिसऱ्या गृहस्थांनी नुसते साखरेचे पाणी दिले असते तरी यश त्यांच्याच पदरात पडणार होते.

साखरेचे पाणीच असते तर आमची हरकत नव्हती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती, आणि अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले होते. आजार साधा, ताप-खोकल्याचा. औषध दिले आणि काही दिवसांत पोरांची लघवी बंद झाली. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष सापडले. अशा पदार्थाचा अंश एका टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंतच चालतो. तिथे तो ४८ टक्क्यांहून अधिक निघाला. हे द्रव्य चवीला गोड, दिसायला औषधी ग्लिसरीनसारखे आणि किमतीला स्वस्त असते. कारखान्यांत वापरायचा माल औषधात शिरला, किंवा कच्चा माल तपासून घेतलाच नाही, की ते पोरांच्या मूत्रपिंडांवर घाला घालते.

मुंबईकरांना ही कथा नवी नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, आणि औषध-तपासणीतल्या अंदाधुंदीची लक्तरे वेशीवर टांगली गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात साठ-सत्तर मुले गेली; त्यांच्या पोटात गेलेली सिरपे भारतातून गेलेली होती. म्हणजे चाळीस वर्षे तोच खेळ चालला आहे.

बाटली शुद्ध असली तरी तिच्यात काय असते? बहुधा नाक सुकवणारे एक द्रव्य, गुंगी आणणारे दुसरे आणि खोकला दाबणारे तिसरे. पोर निजते ते गुंगीने. सर्दी आपल्या जागी कायम. शिवाय केरसुणीच काढून घेतली तर केर जायचा कुठे? सरकारनेही २०२३ च्या डिसेंबरात यांतल्या एका नेहमीच्या जोडीच्या औषधावर ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला लावला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे लिहून देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला "अर्धा चमचा" करून पाजणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. तशी बाटली घरात असेल तर ती आजच फेकावी. नरकचतुर्दशीला घाण काढण्याची आपल्याकडे रीतच आहे.

मग रात्री दोन वाजता करायचे काय? मध चाटवावा. यात आजीबाईंच्या बटव्याचे कौतुक करण्याचा हेतू नाही. मधाची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत २००७ साली शंभरावर मुलांना झोपण्यापूर्वी कुणाला मध, कुणाला खोकल्याचे प्रसिद्ध औषध, तर कुणाला काहीच न देता पाहिले, आणि आईबापांच्या मते मधाची रात्र सर्वांत शांत गेली. पुढे २०१२ साली इस्रायलमध्ये तीनशे मुलांवर असाच प्रयोग झाला. तिथे खजुराच्या पाकापेक्षा मध सरस ठरला. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धा चहाचा चमचा, मोठ्याला एक, निजण्याच्या अर्धा तास आधी. आणि नंतर दात पुसायला विसरू नये. महाबळेश्वरचा असो की वाण्याकडचा, तो खरा मध असला म्हणजे झाले.

मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटसुद्धा लावू नये. मधात कधी कधी अशा एका जंतूची बीजे असतात की ती मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे अंग लुळे पडते. जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची चाल कितीही जुनी असली तरी ती सोडलेली बरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या खोकल्यावर आईचे दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे दुकानात मिळणारे तयार थेंब, आणि डॉक्टरांची भेट. घरातले दुसरे काही नाही.

बटव्यातल्या बाकीच्या जिनसा निवडून घ्याव्या लागतील. हळदीचे कोमट दूध, तुळशीचा फिका चहा, गरम वरणाचे पाणी यांनी घसा ओला राहतो, पोराला बरे वाटते आणि नुकसान काही होत नाही. ज्येष्ठमधाचा काढा क्वचित दिला तर चालेल, पण रोज महिनोन् महिने नको. त्याने अंगातले क्षारांचे प्रमाण बिघडते. अडुळशाची थोरवी अशी की त्याच्या पानांतल्या द्रव्यावरून आधुनिक शास्त्रज्ञांनी कफ पातळ करणारी औषधे बनवली. पण घरच्या रसात ते द्रव्य किती उतरले हे कुणी मोजत नाही, तेव्हा तो लहान मुलाला न दिलेला बरा.

काही जिनसा मात्र बटव्यातून काढूनच टाकाव्यात. टाकणखाराची लाही मधात खलून चाटवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्स लावलेली चोखणी चोखून तान्ह्या मुलांना झटके आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९८३ सालीच झाली आहे. कापूर घातलेले खोबरेल छातीला चोळणेही दोन वर्षांखालच्या मुलाला नको. कापूर कातडीतून आत जातो, आणि बोटाला लागून पोटात गेला तर थोड्या वेळात आकडी येऊ शकते. ओवा-वेखंड निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देणे तर उलटाच न्याय झाला: जे धुराने खोकते आहे त्याला आणखी धूर! डासांची उदबत्ती, धूप आणि गॅलरीत उभे राहून ओढलेली बाबांची सिगरेट यांचा हिशेब वेगळा नाही. वाफेबद्दलही आमचे मत बरे नाही. उकळत्या पाण्याचे पातेले आणि चुळबुळे पोर एका पांघरुणाखाली घालणे म्हणजे भाजण्याला बोलावणे.

आणि ते केळे? केळे, भात, दही, संत्रे यांवर खोकल्याचा जो सार्वत्रिक आळ आहे त्याला पुरावा नाही. खोकणारे पोर आधीच कमी जेवते. त्यात निम्मे पदार्थ बंद केले तर ते वाळते. थोडे थोडे, वारंवार, आवडेल ते द्यावे.

इतका वेळ धीर धरा म्हणून सांगितले, पण काही खोकले धीर धरण्याचे नसतात. फराळाच्या ताटाशी बसलेले पोर चिवडा खाताना एकाएकी ठसकले, जीव घाबरा होईतो खोकले, मग शांत झाले, आणि त्या दिवसापासून खोकला किंवा छातीतली शीळ सुटत नाही, तर शेंगदाणा किंवा डाळे श्वासनळीत गेले असण्याची शंका घ्यावी. शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून "फोटो चांगला आला" यावर विसंबू नये. तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगावा. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला अख्खे दाणे देऊच नयेत, कूट द्यावे.

उबळीमागून उबळ येऊन तोंड लालनिळे होते आणि श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज निघतो तो डांग्या खोकला. त्याची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि पुढे दीड व पाच वर्षांच्या सुमारास देतात. चुकली असेल तर लपवू नये. तान्ह्या बाळात तो आवाज येतोच असे नाही, नुसता श्वास अडतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत रेंगाळता ताप, वजन घटते आहे, आणि घरात आजोबा किंवा कामाला येणाऱ्या बाई बरेच दिवस खोकताहेत, असे असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. मुलाला तो बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच मिळतो.

राहता राहिला दमा. या शब्दाला मध्यमवर्गीय घर जितके घाबरते तितके फार थोड्या शब्दांना घाबरत असेल. पोर धावले की, हसले की, पहाटे तीनला खोकते. छातीत शीळ वाजते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे. डॉक्टर तोंडाने ओढायचा पंप लिहून देतात, आणि आजी म्हणतात, "पंपाची सवय लागते." लग्न जमायचे कसे, इथपर्यंत विचार पोचतो, पंप कपाटात जातो आणि तेच औषध सिरपातून सुरू राहते. हिशेब पाहा: श्वास मोकळा करणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या चमचाभर सिरपात दोन मिलिग्रॅम औषध असते, आणि पंपाच्या एका फवाऱ्यात त्याचा विसावा भाग. तो थेट छातीत जातो, म्हणून एवढासा पुरतो. पंपाची सवय लागत नाही; चष्म्याची लागते तितकीच. लहान मुलासाठी पंपाला प्लास्टिकचे नळकांडे जोडतात, त्यातून दोन वर्षांचे पोरही औषध घेते.

रात्री पोर खोकत असेल तेव्हा खोकल्याचा आवाज ऐकण्यापेक्षा त्याचा श्वास मोजावा. ते निजलेले किंवा शांत असताना सदरा वर करून, घड्याळ समोर ठेवून, पुरा एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, वर्षापर्यंतच्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे चाळीस किंवा जास्त भरले, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर दिसणे, पोराने दूध-पाणी सोडणे, जागे न राहणे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला खोकल्याबरोबर ताप असणे, यांपैकी एक जरी दिसले तरी तसेच. मोजलेला आकडा आणि वेळ कागदावर टिपून न्यावी. दवाखान्यात पोर रडू लागले की तोच आकडा डॉक्टरांना पुन्हा सहजी मिळत नाही.