भंगारातली राजेशाही

राजेमहाराजांनी घ्यावी म्हणून एत्तोर बुगाटीने फ्रान्समधल्या मोल्सहाइमला ‘रॉयाल’ मोटार बांधली. पावणेतेरा लिटरचे एंजिन, आणि रेडिएटरवर दिवंगत भावाच्या शिल्पावरून घडवलेला हत्ती! पण जागतिक मंदी आडवी आली. गाड्या झाल्या जेमतेम सहा, गिऱ्हाइके मिळाली तीन. त्यांत राजा एकही नव्हता.

त्यांतले एक जर्मन डॉक्टर, जोसेफ फुक्स. ते देश सोडून शांघायमार्गे न्यूयॉर्कला गेले, गाडीही गेली. तिथल्या थंडीत पाणी गोठून एंजिनचा ब्लॉक तडकला आणि ही राजेशाही थेट भंगारवाल्याच्या अंगणात जाऊन पडली.

१९४०च्या दशकात जनरल मोटर्समधले एंजिनियर चार्ल्स चेन यांनी ती उचलली, जिवंत केली. मात्र मूळची काळी-पिवळी (मुंबईकराला टॅक्सीच आठवावी!) गाडी त्यांनी पांढरी रंगवली, एका कार्बोरेटरच्या जागी चार बसवले.

हा जीर्णोद्धार की मोडतोड? शुद्धतेचे आग्रही नाक मुरडतील. मला विचाराल तर रंग पुन्हा काळा-पिवळा करू नये. चेन नसते तर रंगवायला पत्राही उरला नसता. त्यांचा हातही आता त्या गाडीच्या वारशातच जमा आहे. १९५८ साली त्यांनी ती अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला दिली, पांढऱ्या रंगासकट.