आतलं शिंकं सैल होतं तेव्हा

आजचा विषय आपण बायका एकमेकींच्या कानातच बोलतो. 'अंग बाहेर येतं' एवढंच म्हणायचं आणि पदर तोंडाला लावायचा. शौचाला बसलं की, हंडा उचलला की, खोकला आला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. ओटीपोट जड होतं, कंबर ओढते. कित्येकजणी हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं बाळंतपणात नीट जपलं नाही, म्हणजे दोष पुन्हा बाईचाच. म्हणून आज आम्ही माइकवर मोठ्यानं बोलायचं ठरवलंय.

या दुखण्याची मुळं शरीरातल्या एका पांढऱ्या पडद्यात आहेत. तो तुमच्यातल्या अनेकींनी पाहिलाय. मटण साफ करताना मांसावरचा चिवट, पांढुरका पापुद्रा आपण सुरीनं ओढून काढतो ना, तोच. ज्या मटण खात नाहीत त्यांनी मोसंबी सोलून पाहावी. प्रत्येक फोडीला आपलं वेगळं आवरण असतं आणि त्यामुळेच ती फोड आपल्या जागी राहते. आपल्या शरीरातही स्नायूंभोवती, आतड्यांभोवती, गर्भपिशवीभोवती असे पडदे आणि दोऱ्या आहेत. डॉक्टर त्याला फॅशिया म्हणतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'संयोजी ऊती' असतात, त्यांच्याच घराण्यातला हा. गंमत अशी, की शरीर शिकणारेसुद्धा बराच काळ हा पापुद्रा बाजूला सारून खालचे स्नायू बघायचे. फॅशियावरची पहिली मोठी संशोधन परिषद भरली ती थेट 2007 साली, अमेरिकेत बोस्टन शहरात.

हा पडदा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा बनलेला असतो. तो धागा कसा आहे, हे आपल्याच देशात उलगडलं. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954-55 साली दाखवून दिलं, की कोलॅजन म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले तीन पेड. दोर वळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकेरी सुतळी तुटते, तीन पेडांचा दोर टिकतो. कोलॅजनच्या जोडीला रबरासारखे ताणून परत जागेवर येणारे धागेही असतात.

आता गर्भपिशवीकडे येऊ. ती पोटात नुसती ठेवलेली नाही, टांगलेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन डिलान्सी यांनी 61 मृतदेहांचा अभ्यास करून 1992 साली हे नीट मांडलं. गर्भपिशवीचं तोंड आणि योनीमार्गाचा वरचा भाग कमरेच्या मागच्या हाडाकडे जाणाऱ्या दोऱ्यांनी टांगलेला असतो. मधला भाग दोन्ही बाजूंच्या भिंतींना पडद्यांनी बांधलेला असतो. खालचा भाग आसपासच्या स्नायूंत घट्ट मिसळलेला असतो. आणि या सगळ्याखाली, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक मजबूत थर असतो.

आढ्याला टांगलेलं शिंकं डोळ्यांपुढे आणा. त्यात भरलेलं मडकं आहे आणि मडक्याखाली कुणीतरी हात धरलाय. जोवर हात आहे तोवर शिंक्याच्या दोऱ्यांवर ताण नाही. हात काढला, की सगळा भार दोऱ्यांवर. एक दिवस त्या टिकतील, दहा वर्षं भार पडला तर लांबतील. आपल्या पोटात दोऱ्या म्हणजे फॅशिया आणि हात म्हणजे तो स्नायू.

हा हात बाळंतपणात दुखावतो. बाळाचं डोकं बाहेर येताना तो स्नायू खूप ताणला जातो, कधी हाडापासून सुटतो. चिमटा लावून बाळंतपण झालं असेल तर धोका जास्त. डिलान्सींच्याच गटानं 2007 साली बायकांच्या एमआरआय तपासण्या करून पाहिलं. अंग बाहेर येणाऱ्या बायकांपैकी 55 टक्के जणींमध्ये या स्नायूला मोठी इजा दिसली. ज्यांना त्रास नव्हता त्यांच्यात ती सुमारे 16 टक्के जणींत होती. कुठं नशीब आणि कुठं दोष?

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. बाळंतपणानंतर शरीर आतले रबरी धागे नव्यानं विणतं. 2004 साली शास्त्रज्ञांनी असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्यात ही विणकामाची सोय जन्मतःच नव्हती. व्याल्यानंतर त्या उंदरिणींचे धागे नीट भरून आले नाहीत आणि त्यांचं अंग बाहेर आलं. उंदरीण म्हणजे बाई नव्हे, मान्य. तरी बाळंतीण पलंगावर पडलेली दिसते तेव्हा आत काम चालू असतं, एवढं यातून कळतं. सव्वा महिना बाळंतिणीला थंड पाणी नको, वारं नको म्हणून जपणाऱ्या सासूबाईंनी हंडा नको, मोळी नको, हेही तितक्याच जोरानं सांगावं. घरच्या पुरुषांनी तेवढे दिवस पाणी भरावं. पुढं पाळी जाण्याच्या वयात हे पडदे आणखी पातळ होतात. जुना खोकला आणि रोजचं कुंथणं हेही दोऱ्यांना झटके देतात.

मग उपाय काय? लांबलेली दोरी व्यायामानं आखूड होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण खालचा हात बळकट करता येतो. वारा सरू नये म्हणून आपण जसं आवळून धरतो, तसं मागचं-पुढचं अंग आत आणि वर ओढायचं. जमेल तसं पाच ते दहा अंक मोजायचे, मग पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. पुष्कळजणी आवळण्याऐवजी खाली कुंथतात, ते उलटच होतं. म्हणून एकदा जाणकार नर्सताई किंवा फिजिओथेरपिस्टकडून खात्री करून घ्या. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात 447 बायकांवर झालेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. एकेकीला समजावून हा व्यायाम शिकवला, तेव्हा वर्षभरानं त्यांचा त्रास इतर बायकांपेक्षा कमी होता.

अंग जास्तच उतरत असेल तर डॉक्टर आत रिंग बसवतात, तिला पेसरी म्हणतात. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धं डाळिंब वापरत! आपण घरी असलं काही करायचं नाही. रिंग मापाची लागते, मधूनमधून तपासावी लागते.

राहिलं ऑपरेशन. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, हा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. अंग बाहेर येण्यासाठी ऑपरेशन लागतं, कधी त्यात पिशवीही काढतात. पण शिंक्यातलं मडकं काढलं म्हणून दोऱ्या नीट होत नाहीत. डिलान्सींनी 1992 साली अभ्यासलं होतं ते हेच, पिशवी काढल्यानंतर बाहेर आलेलं अंग.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या आणि 1989 साली निष्कर्ष छापले. 92 टक्के जणींना अंगावरचा काही ना काही आजार होता, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तेव्हा गटातल्या एकीला सोबत घ्या, आशाताईंना सांगा आणि ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दिवशी जा. लघवी अडली, रक्त गेलं किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, तर त्या दिवसाची वाट पाहू नका. ऑपरेशन सुचवलं तर दोन प्रश्न विचारा: व्यायाम किंवा रिंग माझ्यासाठी चालेल का? आणि पिशवी काढणार असाल, तर वरचा आधार पुन्हा कसा बांधणार?