पायताण करकर का वाजतं? पुरुषांच्या रुबाबामागचं मानसशास्त्र

कोल्हापुरात चप्पल दिसण्याआधी ऐकू येते. घड्याळ, कडं, बेल्ट या वस्तू पुरुष नेमक्या कुणासाठी घालतात, याचं उत्तर या पायताणातच सापडतं.

आवाज कशासाठी?

चामड्याच्या थरांमध्ये 'विंचू' बसवला की पाऊल टाकताना करकर आवाज येतो. चालायला त्याची काहीच मदत होत नाही. तो असतो ऐकणाऱ्यासाठी. न बोलता आपली ओळख आणि ऐपत सांगण्याच्या या पद्धतीला अभ्यासक 'सिग्नलिंग' म्हणतात.

पुरुषांना निमित्त का लागतं?

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी भरजरी पोशाख सोडला, असं मानसशास्त्रज्ञ जॉन फ्ल्यूगल यांनी १९३० मध्ये मांडलं. हौस मात्र संपली नाही. ती घड्याळ, पट्टा, बूट अशा 'कामाच्या' वस्तूंकडे वळली. आपल्याकडेही 'नटलायस की!' म्हटल्यावर लाजणारा गडी कापशी पायताणाची शिलाई मात्र तासभर निरखतो. कारण चप्पल ही गरज, त्यामुळे तिची हौस करायला लाज वाटत नाही.

आत्मविश्वास खरंच वाढतो?

२०१२ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात पांढरा लॅब कोट घातलेल्यांनी एकाग्रतेच्या चाचणीत कमी चुका केल्या. २०१९ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे वस्तू घालून क्षमता वाढते, असं खात्रीने म्हणता येत नाही. समोरच्याची नजर मात्र बदलते. नेदरलँड्समधल्या २०११ च्या अभ्यासात ब्रँडचा लोगो असलेला शर्ट घातलेल्या व्यक्तीला अनोळखी लोकांनी जास्त सहकार्य केलं. शर्ट तोच, पण लोगो नसताना नकार वाढले.

प्राडाने काय दाखवून दिलं?

जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुष फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या सँडल आणल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. २०१९ पासून या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन आहे. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकर' या महामंडळांशी करार झाला. योजना २ हजार जोडांची, किंमत जोडीमागे सुमारे ८०० युरो.

घाट तोच, चामडं तेच. मोल बदललं ते नावामुळे. लोगोच्या प्रयोगात दिसलं तेच इथेही घडलं.

मग कारागिराचं काय?

चप्पल घालणाऱ्याला रुबाब मिळतो, ब्रँडला किंमत मिळते. कातडं कापून, हाताने शिवून ती घडवणारा मात्र अनोळखीच राहतो. त्यावर उपाय म्हणून 'लिडकॉम'ने चपलांसाठी क्यूआर कोड आणला आहे. तो स्कॅन केल्यावर कारागिराची माहिती मिळते.

पुढच्या वेळी चप्पल लाईनला गेलात, तर आवाज ऐकाच. पण जोड कुणी शिवला, हेही दुकानदाराला विचारा.